डावीकडे जाणारे हात

इलारिओन पात्सीची मान डावीकडे कललेली आहे. जन्मापासून नाही. सव्वीस वर्षं बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून चाक कड्याच्या किती जवळ आलंय ते बघत राहिल्यामुळे ती तशी झाली. त्याची बायको बासिलिया लग्नाचा फोटो जपून ठेवते आणि येईल त्याला दाखवते. त्यात मान सरळ आहे.

"मी सरळ माणूस घेतला होता," ती म्हणते. "रस्त्याने वाकडा करून परत दिला."

सान तोरिबिओच्या शाळेत मी बदलून आले तेव्हा मला या माणसाचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. मी ला पासची, शहरात वाढलेली. महिन्यातून दोनदा आईकडे जायचे आणि गावातून वर शहराकडे जाणारी बस एकच होती, त्याची. खालच्या कोरोइकोहून सुटणाऱ्या बस पाच तासांत शहर गाठायच्या. इलारिओनताताला सात लागायचे. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही ताता म्हणतो, म्हणून मीही ताता म्हणायचे, पण दात खाऊन.

निघण्याआधी तो लाकडी हातोडा घेऊन बसभोवती फिरायचा आणि एकेका टायरवर ठोकून आवाज ऐकायचा. मग स्टँडवरच बस चार हात पुढे घेऊन ब्रेक दाबायचा. पुन्हा चार हात, पुन्हा ब्रेक. एवढ्यात लोकांचं केळं खाऊन व्हायचं. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी तीनदा हॉर्न, मग बस थांबवून इंजिन हळू, आणि कान बाहेर. खरंच ऐकत बसायचा. आत चाळीस माणसं, संत्र्यांची पोती, कोंबड्या, आणि हा धुक्याचा आवाज ऐकतोय. पाऊस पडून गेला असेल तर खाली उतरून कडेची माती टाचेने दाबून बघायचा.

एकदा एका संत्रीवाल्या बाईला राहवलं नाही. "ताता, कोणी आलं का?"

"नाही आलं."

"मग आम्ही कुणासाठी थांबलो होतो?"

"आज नाही आलं," असं म्हणून त्याने गिअर टाकला.

काचेच्या वर त्याने प्रवाशांसाठी लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'भांडायचं ते पोचल्यावर'. लोक अर्थातच आधीच भांडायचे. कुम्ब्रेच्या खिंडीत सगळे चालक उतरून धरणीमातेला, पाचामामाला, दारूचे थेंब वाहतात आणि उरलेली घशात ओततात. हा पूर्ण बाटली मातीत ओतायचा. "तिला रस्ता धरून ठेवायचाय, मला फक्त चालवायचंय," असं त्याचं म्हणणं. बाकीचे चालक त्याला मागून 'नववधू' म्हणायचे, कारण बस पाऊल मोजत चालायची.

माझी नेहमीची जागा त्याच्या शेजारी, पुढच्या काचेपाशी, उजव्या खिडकीला. मला मागे बसलं की मळमळतं. म्हणून त्याचं बोलणं माझ्या वाट्याला यायचं. बोलणं फार नव्हतं. तेच तेच होतं.

"समोरून येणारा माझ्याचसारखा गाढव आहे असं धरून चालवायचं, बाई. तो हॉर्न ऐकणार नाही. त्याचा ब्रेक लागणार नाही. त्याला झोप लागली असेल. मग काय करायचं ते तो दिसायच्या आत ठरवून ठेवायचं."

"आणि तो शहाणा निघाला तर?"

"तर आपलं काय गेलं?"

माझी पहिल्या तासाची शाळा गेलेली असायची.

जुन्या रस्त्याचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. साऱ्या देशात गाड्या उजवीकडून चालतात. आमच्या त्या घाटात डावीकडून. रस्ता एका गाडीएवढा, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. चालकाची जागा गाडीत डाव्या बाजूला असते. उतरणारा डावीकडून, म्हणजे कड्याच्या बाजूने गेला, तर त्याला मान बाहेर काढून स्वतःचं चाक दिसतं. चढणाऱ्याने डोंगराला चिकटून राहायचं, म्हणजे तीही त्याची डावीच. चढणाऱ्याचा मान पहिला. समोरासमोर आले की उतरणाऱ्याने मागे जाऊन रुंद जागा शोधायची. हा नियम कुठल्या कागदावर कोणी लिहिला ते मला माहीत नाही, पण आमच्या लोकांच्या अंगात तो मुरलेला होता. धुक्यात दोन दिवे दिसले की हात आपोआप डावीकडे. विचार करायला वेळच नसायचा, आणि विचार करणारे चालक फार वर्षं टिकलेही नाहीत. त्यांचे क्रूस वळणावळणावर उभे आहेत.

सव्वीस वर्षांत इलारिओनच्या बसला ओरखडा नव्हता. गाव त्याची टिंगल करायचं आणि आपल्या लेकीबाळींना त्याच्याच बसमध्ये बसवायचं.

मग नवा रस्ता झाला. डांबरी, दोन पदरी, मधे पिवळी रेघ, एक बोगदा, आणि देशाचा नियम, उजवीकडून. वर्षानुवर्षं वाट पाहिलेला रस्ता. पहिल्या दिवशी बँड वाजला. गावातून शहर तीन तासांवर आलं. जुना रस्ता सायकलवाल्या पाहुण्यांना राहिला.

सगळे चालक पाखरांसारखे उडायला लागले. इलारिओन मात्र पहिल्या दिवशी बस घेऊन एकटाच गेला आणि एकटाच आला. नंतर म्हणाला, "रस्ता चांगलाय. फार चांगलाय. मला मान बाहेर काढावीच लागत नाही."

"मग बरंय की," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि मान खाजवली.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही वर निघालो होतो. बोगदा मागे पडला आणि धुकं असं आलं की पुढची पिवळी रेघ पंधरा हातांपलीकडे दिसेना. इलारिओनने दिवे लावले, वेग उतरवला, हॉर्न दिला. सगळं नेहमीसारखं. आणि रस्त्याच्या अगदी मधोमध दोन दिवे उगवले. ट्रक. उतारावरून सुसाट, मधली रेघ पोटाखाली घेऊन.

मला आठवतं ते एवढंच, की बस एका बाजूला झुकली, माझं कपाळ काचेवर आपटलं, आणि ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. इतका जवळून की मला त्या चालकाचं तोंड दिसलं. तोंडात कोकाच्या पानांचा तोबरा, डोळे बशीएवढे. मग मागे एक कोंबडी ओरडली आणि तिच्यापाठोपाठ सगळी बस.

इलारिओनने बस कडेला घेतली. माणसं उतरली, रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. ट्रकही पुढे जाऊन थांबला होता. त्याचा चालक धावत वर आला, कोरिपाताचा निकानोर, हाही जुन्या घाटातलाच, वीसेक वर्षांचा मुरलेला. त्याने इलारिओनला मिठी मारली, सोडेचना.

"ताता, काय काढलीत! काय काढलीत गाडी! दुसरा कोणी असता तर आज आपण दोघं खाली दरीत गप्पा मारत असतो!"

इलारिओनने हात खिशात घातले.

पुढचा रविवार गावाने साजरा केला. बसला फुलांच्या माळा, रंगीत कागदांच्या झिरमिळ्या, बॉनेटवर बिअरचा अभिषेक. पितळी वाद्यांचा ताफा आला. संत्रीवाल्या बाईने तर बसच्या नाकाची पापी घेतली. इलारिओन पायरीवर बसून होता, डोक्यावर कागदाचे तुकडे, आणि चेहरा कुणी मेल्यासारखा. मला वाटलं, धसका घेतलाय. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"ताता, झालं ना आता. वाचलो ना सगळे."

"बाई, तुम्ही पुढे बसला होतात."

"हो."

"ट्रक कुणाच्या खिडकीजवळून गेला?"

"माझ्या," मी म्हटलं. "त्याचं तोंड दिसलं मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी शाळेत गणित शिकवते, तरी मला वेळ लागला. गाड्या उजवीकडून चालतात, तर समोरचा नेहमी चालकाच्या अंगाने जातो. माझ्या अंगाने नाही. नव्या रस्त्यावर माझ्या खिडकीतून मी कधीच कुठल्या चालकाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मी डावीकडे ओढली," तो म्हणाला. "आणि निकानोरनेही. दोघेही चुकलो म्हणून वाचलो. एक जण जरी बरोबर वागला असता ना, तर सरळ तोंडावर तोंड."

मागे ताफा वाजत होता.

"समोरचा चुकेल याची तयारी मी सव्वीस वर्षं केली, बाई. मी चुकेन याची नाही केली."

दुसऱ्या दिवशी चालकांच्या युनियनच्या सभेत त्याने बसची किल्ली टेबलावर ठेवली. ही सभा मी पाहिली, कारण ती माझ्या वर्गात भरली होती. अध्यक्ष कासियानो इलारिओनला पदक द्यायच्या तयारीत आला होता, रेशमी पट्टा वगैरे घेऊन. इलारिओन उभा राहिला आणि जे मला सांगितलं ते सगळ्यांना सांगितलं. फळ्यावर दोन गाड्या काढून दाखवल्या.

मग निकानोर हसला, आणि त्याच्यामागून सगळे.

"ताता, देवीने वाचवलं, आता तिच्याशीही वाद घालता?" निकानोर म्हणाला.

"तू कुठे ओढलीस गाडी, निकानोर?"

"मला काय आठवतंय! हातांनी काढली."

"तेच सांगतोय मी. हातांनी काढली."

"अहो, वय झालंय, दुसरं काय," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हसू पुन्हा फुटलं.

"हसा," इलारिओन म्हणाला. "पण तुमचेही हात तिथलेच आहेत. माझे हात मला परत शिकवता येईपर्यंत मी माणसं घेऊन जाणार नाही."

कासियानोने बदली चालक दिला आणि पदक परत पेटीत ठेवलं.

बासिलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्टँडवर कॉफीच्या टरफलांचा गरम काढा आणि तळलेली केळी विकते. तिने ते काम सोडून तीन दिवस फक्त नवऱ्याला बोलणं हेच केलं.

"गाव डोक्यावर घेऊन नाचतंय, आणि हा म्हणतो मी गाढव! अरे म्हाताऱ्या, गाढव तर गाढव, गप्प बसलेलं गाढव तरी हो!"

"चाळीस माणसं असतात, म्हातारे, आत."

"होती ना चाळीस? घरी गेली ना चाळीस? मग!"

"बदली चालक आणलाय तो क्लच जाळतोय," तिने नंतर मला ऐकवलं, जणू मीच आणला होता. "ही बस आमची लेक आहे. लेक परक्याच्या हातात, आणि बाप घरात बसून कोका वाळवतोय."

पण चौथ्या दिवशी ती स्वतःच हातगाडी घेऊन आली. संत्री वाहायची जुनी हातगाडी. तिच्या तोंडाला तिने मोटारीचे दोन दिवे बांधले, मधे बॅटरी ठेवली, आणि वर गवताने भरलेलं पोतं बसवून त्याला स्वतःची जुनी गोल टोपी घातली.

"शिकव तुझ्या हातांना," ती म्हणाली. "लवकर शिकव. मला माझी बस परत हवीय."

त्या पोत्याचं नाव गावाने निकानोर ठेवलं.

दर रविवारी, बसच्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे आमच्या फुटबॉलच्या मैदानावर धुकं उतरतं, समोरचा गोल दिसत नाही. मैदानाच्या लांबीभर चुन्याची रेघ मारली. इलारिओन इकडून बस घेऊन निघायचा, पलीकडून बासिलिया हातगाडी ढकलत यायची, कधी रेघेवर, कधी अलीकडे, कधी पलीकडे. दिवे दिसले की बस उजवीकडे. दहा वेळा. मी माझ्या जागेवर बसून पाटीवर खुणा करायचे, कारण बासिलियाचं म्हणणं, शिकलेली बाई गावात कशाला ठेवलीय.

पहिल्या रविवारी दहात चार.

तो खाली उतरला आणि गवतात बसून राहिला. मी आणि बासिलियाने एकमेकींकडे पाहिलं. तिने पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

पुढच्या रविवारी पाच. मग पुन्हा चार. तो उजव्या मनगटाला लाल दोरा बांधायला लागला. घरात जेवताना चमचा उजव्या बाजूला ठेवून तो उचलण्याआधी 'उजवा' म्हणायचा. वाटेने चालताना समोरून माणूस आला की उजवीकडे सरकायचा. गावातले काही मुद्दाम त्याच्या समोर येऊन आडवे व्हायचे. तो चिडायचा नाही. "अजून एकदा या," म्हणायचा. मला हे पाहून आधी हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वतःच्याच हातांची शाळा घेत होता, आणि हात ढ होते.

पाचव्या महिन्यात सात. सातव्या महिन्यात नऊ. तेव्हा बासिलिया खूश झाली, टोपी हवेत उडवली. इलारिओन म्हणाला, "दहावा राहिला की."

"अरे नऊ बरोबर आले!"

"दहाव्यात चाळीस जण बसलेत."

मग आले दहा. पुढच्या रविवारी पुन्हा दहा. त्याच्या पुढच्यालाही दहा. बदली चालक तोवर घरी जायला टेकला होता, बसचा क्लच दोनदा बदलला होता, आणि कासियानो स्वतः येऊन म्हणाला की सोमवारपासून तुझी पाळी लावतो. इलारिओनने त्या दिवशी माझ्या पाटीवरच्या दहा खुणा बोटाने पुसल्या आणि प्रथमच हसला. समोरचे दोन दात सोन्याचे आहेत हे मला तेव्हा कळलं.

"उद्या सहाला, बाई. जागा धरून ठेवतो."

"सात तास लावू नका म्हणजे झालं."

"नव्या रस्त्याला तीन. फार तर चार," तो म्हणाला.

बासिलिया म्हणाली, "तुम्ही या बस घेऊन, मी पुढे होऊन काढा उकळत ठेवते." आणि हातगाडी ढकलत निघून गेली. त्यात वेगळं काही वाटलं नाही. मैदानावरून घरी जायची वाट गावाच्या मधून जाते, एका बाजूला कोका वाळवायच्या अंगणाची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला केळी. चढाच्या टोकाशी वळण आहे. इलारिओन शीळ घालत होता. मी त्याला सांगत होते की शाळेच्या छपरासाठी पत्रे आणायचेत, उद्या टपावर घ्याल का. तो म्हणाला, "किती लांब आहेत?" आणि माझ्याकडे वळून त्याने हाताने माप विचारलं.

वळणावरून दोन दिवे खाली आले.

मी म्हणाले ना, विचार करायला वेळ नसतो. खाडकन आवाज झाला. डावा आरसा फुटून त्याच्या उघड्या खिडकीतून माझ्या मांडीपर्यंत काच आली. बस दगडी भिंतीला डावा खांदा लावून उभी होती. हातगाडी माझ्या खिडकीखालून, उजवीकडून, घरंगळत निघून गेली, वर टोपी घातलेलं पोतं शांत बसलेलं.

सव्वीस वर्षांत बसला पडलेला तो पहिला ओरखडा.

बासिलिया वळणावरून चालत आली, हळूहळू, जणू तिला यायचंच नव्हतं. तिने भिंत पाहिली, आरसा पाहिला, मग मागे वळून हातगाडी कुठून गेली ते पाहिलं. इलारिओनने इंजिन बंद केलं होतं. हात अजून चाकावर होते, डावीकडे ओढून धरलेले. त्याला ते सोडता येत नव्हते की सोडायचे नव्हते, मला सांगता येणार नाही.

"मैदानावर मी येणार हे तुला माहीत असायचं," ती म्हणाली. "रस्त्यावर कोणी सांगून येत नाही. मला बघायचं होतं, म्हाताऱ्या. मला वाटलं होतं, तू उजवीकडे घेशील. आईशप्पथ, मला तसंच वाटलं होतं."

तिचे गाल ओले होते. आठ महिने जिने बस परत मागितली, तिनेच माझ्या खिडकीतून हात आत घातला आणि तळवा उघडून धरला. इलारिओनने किल्ली काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती झग्याच्या आतल्या खिशात टाकली.

"चल, काढा उकळतोय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सहाला कासियानो स्टँडवर ओरडत होता की तिकिटं घेतलेले लोक बसलेत आणि चालक कुठाय. बासिलियाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू चालव ना. तूही घाटातलाच. चालव, जा. फक्त या महिन्यात तुझ्या वाटेवर मी कुठेतरी हातगाडी घेऊन उभी असेन. कधी, कुठे, ते सांगणार नाही."

त्याला ती थट्टा वाटली. त्या महिनाभरात ती गावाच्या रिकाम्या गल्लीत, स्टँडच्या मागच्या आवारात, धुण्याच्या जागेशेजारी, जिथे गाड्या पाऊल मोजत येतात आणि आत कोणी बसलेलं नसतं, तिथे तिथे उभी राहिली. जुन्या घाटातले अकरा चालक. आठ जण डावीकडे गेले. कासियानो धुण्याच्या हौदात गेला. निकानोर सगळ्यांत शेवटी सापडला. तोही डावीकडेच गेला. पोत्याच्या अंगावर त्याचंच नाव होतं, तरी त्या वेळी कोणी हसलं नाही. युनियनने आता नियम केलाय, घाटातल्या जुन्या माणसाने आधी बासिलियाची हातगाडी न सांगता पार करायची, मग माणसं घ्यायची. तीन जणांनी दुसरी कामं धरली. काहींना वर्ष लागलं. पदक अजून कासियानोच्या पेटीत आहे.

बस आता एक तरुण पोरगी चालवते, लुर्देस. शहरातच शिकलेली, जुन्या घाटात तिचं चाक कधी पडलेलं नाही. तिला डावीकडे ओढायचं सुचतच नाही. टायरवर हातोडा मारायचा, ब्रेक दोनदा बघायचा, वळणाआधी थांबून ऐकायचं, हे सगळं इलारिओनने तिला शिकवलं. लोक तिलाही नावं ठेवतात. मी नाही ठेवत. पत्रे तिनेच टपावर आणले.

इलारिओन तिच्या शेजारी बसतो, माझ्या जागेवर. मी मागच्या बाकावर सरकले, मळमळ सहन करते. मागून मला त्याची कललेली मान दिसते आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. लुर्देस चांगली चालवते, तो तिला टोकत नाही. पण धुक्यात समोरून दिवे आले, की ती बस अलगद उजवीकडे घेते, आणि गुडघ्यांवरचे ते दोन हात डावीकडे जातात.